बेसमेंटमधली बेसबॉलची कार्डं विकायची असतील तर

न्यू जर्सीतलं घर विकायला काढलं की बेसमेंटमधून दोन वस्तू हमखास निघतात: कुणीच न वाजवलेली पेटी आणि मुलाची बेसबॉलची कार्डं. पेटी मंडळाला देता येते. कार्डांचं काय करायचं हे आपल्यातल्या कितीतरी जणांना कळत नाही, कारण तो खेळच आपण कधी धड पाहिलेला नसतो. शिवाय मुलगा लहानपणी सांगायचा ते डोक्यात पक्कं बसलेलं असतं, “आई, ही टाकू नकोस हं, पुढे लाखाची होतील.”

आमच्याकडे पुठ्ठ्याचे लांबट सात खोके निघाले. मुलानं १९८८ ते १९९४ ह्या काळात खाऊच्या पैशांतून जमवलेले. लाख काही झाले नाहीत. सगळं विकून तेराशे-चौदाशे डॉलर हाती आले, आणि त्यातले नऊशेच्या वर निव्वळ अकरा कार्डांचे होते. म्हणजे हजारो कार्डांतून ती अकरा शोधणं हेच खरं काम. एवढं आधी माहीत असतं तर माझे दोन महिने वाचले असते, म्हणून हे लिहितेय.

सुरुवात फोनपासून करा. मुलगा चाळिशीचा झाला असला, त्याला स्वतःची दोन पोरं असली, तरी कार्डं त्याचीच. “विकते आहे, कुठली ठेवायची ते सांग” असा मेसेज पाठवा आणि उत्तर आल्यावरच खोक्याला हात लावा. आमच्या ओळखीच्या एका घरात हे न विचारता झालं आणि दिवाळीपर्यंत अबोला होता.

हात लावण्याआधी

कार्ड पुसायचं नाही. ओल्या फडक्यानं नाही, कोरड्यानंही नाही. वाकलेला कोपरा नखानं सरळ करायचा नाही. जुना रबरबँड चिकटला असेल तर ओढू नका, कात्रीनं कापा. ओढला की कडेचा रंग घेऊनच येतो. बेसमेंटच्या दमटपणानं गुळगुळीत चकचकीत कार्डांची वीट झालेली असते. १९९१ पासूनच्या ‘स्टेडियम क्लब’ ह्या मालिकेतल्या कार्डांना हा रोग फार. अशी वीट सोलायला जाऊ नका, बाजूला ठेवा. आणि प्लॅस्टिकच्या कडक पेटीत बंद असलेलं, वर लेबल आणि आकडा असलेलं कार्ड दिसलं तर ती पेटी फोडू नका. त्याला स्लॅब म्हणतात, त्याबद्दल पुढे येतंच.

दुकानातून दोन गोष्टी आणा: पेनी स्लीव्ह म्हणजे पातळ प्लॅस्टिकची पिशवी, आणि टॉपलोडर म्हणजे कडक प्लॅस्टिकचं पाकीट. दोन्ही स्वस्त असतात. जरा बरं दिसेल ते कार्ड आधी स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडरमध्ये.

कार्ड कुठल्या सालचं?

एक कार्ड कडांना धरून उचला, चित्रावर अंगठा न टेकवता, आणि उलटं करा. मागे बारीक अक्षरांत खेळाडूची वर्षवार कामगिरी दिलेली असते. शेवटची ओळ १९८८ ची असेल तर कार्ड बहुधा १९८९ चं. पार खाली कंपनीचं नाव आणि बहुतेकदा साल असतं, कोपऱ्यात कार्डाचा नंबर. साल, कंपनी, खेळाडू, नंबर. ह्या चार गोष्टी कळल्या की त्या कार्डाची कुंडली हातात आली.

आता वाईट बातमी. साधारण १९८६ ते १९९३ ह्या काळाला ह्या छंदातले लोक ‘जंक वॅक्स’ म्हणतात. वॅक्स म्हणजे पाकिटाचा मेणकागद, जंक म्हणजे काय ते सांगायला नको. त्याआधी जुनी कार्डं मोठ्या किमतीला गेल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्यामुळे घरोघरी लोकांनी नवी कार्डं गुंतवणूक म्हणून साठवायला सुरुवात केली. टॉप्स, डॉनरस, फ्लीअर ह्या कार्डं छापणाऱ्या कंपन्या होत्याच. १९८८ मध्ये स्कोअर आली, १९८९ मध्ये अपर डेक. सगळ्यांनी मिळून अशी बेसुमार छपाई केली की ती कार्डं आजही न उघडलेल्या खोक्यांतून पडून आहेत. आणि आपली मुलं नेमकी त्याच वर्षांत आठ-दहा वर्षांची होती.

जुनी कार्डं महाग का, हे समजायला एक हकीकत ऐका. टॉप्स ही ब्रुकलिनची कंपनी. तिनं १९५२ मध्ये काढलेल्या संचातली नंतरची कार्डं हंगाम संपत आल्यावर बाजारात आली आणि खपली नाहीत. तो संच ज्यांनी घडवला त्या साय बर्गर यांनीच पुढे सांगितलं आहे की १९६० मध्ये त्यांनी ती उरलेली खोक्यांच्या खोकी पडावावर चढवली आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ अटलांटिकमध्ये बुडवली. त्याच मालात यांकीज ह्या न्यू यॉर्कच्या संघाचा गाजलेला खेळाडू मिकी मँटल याचं ३११ नंबरचं कार्ड होतं. त्याची एक उत्तम प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. आईनं कार्डं फेकली, गॅरेज सेलला दिली, पोरांनी सायकलच्या चाकात खोवली, म्हणून उरलेली महाग झाली. १९८९ ची कुणी फेकलीच नाहीत. तुम्हीही नाही फेकलीत, मीही नाही.

तर पहिली चाळणी सोपी. घर अमेरिकन कुटुंबाकडून घेतलं असेल, माळ्यावर त्यांचा खोका राहिला असेल आणि कार्डं १९८० च्या आधीची असतील, तर काहीही वेगळं करू नका. प्रत्येक कार्ड बघायचं. (त्या कुटुंबाला आधी कळवायचं, हे मी सांगायला नको.) १९८६ ते १९९३ ची असतील तर ठराविक नावंच शोधायची:

- १९८९ अपर डेक, नंबर १, केन ग्रिफी ज्युनिअर. ह्या काळातलं सगळ्यात गाजलेलं कार्ड. दुर्मीळ मुळीच नाही, पण गिऱ्हाईक नेहमी असतं.
- १९९० टॉप्स, नंबर ४१४, फ्रँक थॉमस. ज्यावर छपाईच्या चुकीनं पुढे नावच उमटलं नाही तेच मोलाचं. नाव असलेलं नव्हे.
- १९९३ एसपी (ही अपर डेकचीच मालिका), नंबर २७९, डेरेक जीटर. चकचकीत कागद, त्यामुळे कडांचे टवके उडालेले असतात. टवके नसलेलं मिळालं तर चहा टाका.
- १९९१ टॉप्सवर सोनेरी ‘डेझर्ट शील्ड’ असा शिक्का असेल तर. ही आखाती युद्धातल्या सैनिकांसाठी काढलेली कार्डं. खोटे शिक्के मारलेलीही फिरतात.
- टॉप्सच्याच १९९३ च्या ‘फाइनेस्ट’ मालिकेतली रिफ्रॅक्टर, म्हणजे उजेडात तिरकी धरली की इंद्रधनुष्य दिसतं ती.
- १९८९ फ्लीअर, नंबर ६१६, बिली रिपकेन. बॅटच्या मुठीच्या टोकावर शिवी लिहिलेली आहे. माझ्या मुलानं ते कार्ड सहा वर्षं वहीत लपवून ठेवलं होतं आणि ते का, हे मला परवा कळलं. फार पैसे येत नाहीत, पण लगेच खपतं.

जरा आधीचं एक लक्षात ठेवा: १९८४ डॉनरस, नंबर २४८, डॉन मॅटिंगली. यांकीजचा असल्यामुळे आपल्या भागात त्याला मागणी आहे. खेळाडूच्या पहिल्या वर्षाच्या कार्डाला रूकी म्हणतात. बहुतेक वेळा पैसा तिथंच असतो, नंतरच्या दहा वर्षांत नाही. नव्वदीच्या उत्तरार्धातल्या आणि नंतरच्या कार्डांवर ‘२३/१००’ (म्हणजे छापलेल्या शंभरांतलं तेविसावं) असा आकडा छापलेला असेल, किंवा खेळाडूची सही असेल, तर ते बाजूला काढायचंच.

बेसबॉल शोधताना इतर कार्डांवर नजर ठेवा. मुलं सगळं एकाच खोक्यात कोंबतात. १९८६ च्या फ्लीअरचं ५७ नंबरचं मायकेल जॉर्डन बास्केटबॉलचं आहे, पण ते निघालं तर बाकी सातही खोके विसरून जाल. खोट्या प्रती मात्र रग्गड आहेत. धाकट्या भावंडाची १९९९ ची पोकेमॉन कार्डं आमच्या एका खोक्याच्या तळाशी होती, आणि अकरातली दोन ती होती.

नीट बघायचं म्हणजे कसं

दिवसा, खिडकीपाशी. चार गोष्टी बघायच्या: कोपरे, कडा, चित्र मध्यावर आहे का, आणि पृष्ठभाग. कोपऱ्यावर रंग जाऊन पांढरा कागद डोकावत असेल तर किंमत उतरली. चारी बाजूंचा पांढरा काठ सारखा हवा. एकीकडे जाड आणि दुसरीकडे काडीएवढा असेल तर कार्ड जसंच्या तसं नवं असूनही पहिल्या प्रतीचं नाही. मग कार्ड तिरकं करून त्यावरून उजेड सरकू द्या. सरळ धरल्यावर न दिसलेला ओरखडा तेव्हा दिसतो. आपण साडी घेताना पदर उजेडात नेतो, तसंच.

फार जुनं आणि फार चांगलं कार्ड निघालं तर हुरळून जाऊ नका. टॉप्सनं १९८३ मध्ये स्वतःच १९५२ च्या संचाची पुनर्मुद्रित आवृत्ती काढली होती. मागे तसं छापलेलं असतं. कडा कापून कोपरे टोकदार केलेली कार्डंही असतात. १९५७ पासून टॉप्सच्या कार्डाचं माप अडीच इंच बाय साडेतीन इंच आहे. त्याच संचातल्या साध्या कार्डावर ठेवून बघा, कापलेलं असेल तर लहान भरतं.

किंमत

इथं सगळेच पहिल्यांदा फसतात. ईबेवर ग्रिफीचं कार्ड शोधलं की कुणी दोन हजार डॉलर मागतोय असं दिसतं. मागायला काय जातं! मी तो आकडा बघून ह्यांना हाक मारली होती. बघायचं ते किती मागितले हे नव्हे, किती मिळाले हे. शोध घेतल्यावर फिल्टरमध्ये ‘सोल्ड आयटम्स’वर खूण करा. हिरव्या आकड्यात दिसते ती खरोखर झालेली विक्री. शेवटच्या पाच-सहा विक्री बघा, सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची सोडा, मधली धरा. किमतीवर काट मारलेली असेल तर घासाघीस होऊन त्याहून कमीत व्यवहार झालेला असतो. खरा आकडा ‘वन थर्टी पॉइंट’ ह्या फुकटच्या साइटवर सापडतो. आणि तुलना सारख्याशी करा. स्लॅबमधलं, दहापैकी दहा दर्जाचं कार्ड पाचशेला गेलं म्हणून तुमचं सुटं कार्ड पाचशेचं होत नाही. घरात जुनं बेकेटचं किंमत-मासिक असेल तर आठवण म्हणून ठेवा, भाव त्यातून काढू नका.

ग्रेडिंग करायचं की नाही

पीएसए, एसजीसी, बेकेट ह्या कंपन्या कार्ड खरं आहे का ते तपासतात, एक ते दहा असा दर्जा देतात आणि स्लॅबमध्ये बंद करून परत पाठवतात. एका कार्डामागे वीस-पंचवीस डॉलरपासून पुढे खर्च, वर टपाल, वर काही आठवडे किंवा महिने.

हिशेब साधा करा. समजा तुमचं सुटं कार्ड चाळीसला जातंय. दहा आलं तर दोनशे, नऊ आलं तर सत्तर, आठ आलं तर पस्तीस. खर्च तीस. म्हणजे दहा आलं तरच हा खटाटोप फळला, नऊला जेमतेम जागच्या जागी, आठला खिशातून गेले. आणि लहान मुलानं हाताळलेलं कार्ड दहा येणं कठीण. म्हणून नियम असा ठेवा की आठ आलं तरी तोटा होणार नसेल तरच पाठवायचं. आम्ही तीन पाठवली. दोन नऊ, एक सात. सातवाल्या कार्डाचा कोपरा मला काही केल्या वाकडा दिसला नव्हता. भिंगातून पाहिल्यावर दिसला.

जुन्या कार्डांची गोष्ट वेगळी. १९८० आधीचं नामांकित खेळाडूचं कार्ड दहापैकी चार-पाच दर्जाचं असलं तरी ग्रेड करून घेणं बरं, कारण गिऱ्हाइकाला मुख्य भीती नकलीची असते.

कुठे विकायचं

जवळच्या कार्डांच्या दुकानात आधी फोन करा, खोके उचलून नेऊ नका. “ऐंशी-नव्वदीची साधी कार्डं घेता का?” असं विचारलं की बहुतेक जण नम्रपणे नाही म्हणतात. चांगली कार्डं मात्र घेतात, आणि झालेल्या विक्रीच्या साठ-सत्तर टक्के देऊ करतात. ह्यात लूट नाही. त्याला भाडं आहे, माल पडून राहण्याची जोखीम आहे. रोख पैसे, अर्ध्या तासात मोकळे; पन्नासेक कार्डं विकायची असली तर मला हा मार्ग वाईट वाटत नाही.

कार्ड शो शनिवार-रविवारी हॉटेलांच्या हॉलमध्ये, फायरहाउसमध्ये भरतात. तिथला फायदा असा की एकाच छताखाली तीस टेबलं असतात. तीन ठिकाणी भाव विचारा. दुपारनंतर जा, सकाळी विक्रेते स्वतःच्या गिऱ्हाइकांत असतात. “तुमची अपेक्षा काय?” असं ते विचारणारच, तेव्हा “तुम्हीच सांगा” म्हणू नका. प्रत्येक कार्डाचा झालेल्या विक्रीचा आकडा चिठ्ठीवर लिहून न्या आणि तो दाखवून बोला. मंडईत भाव न विचारता पिशवी पुढे करतो का आपण?

घरी बोलावून विकायचं तर माझा अनुभव ऐका. मी काहीही निवड न करता ऑनलाइन जाहिरात दिली. एक गृहस्थ आले, गोड बोलले, चहा घेतला, वीस मिनिटांत झरझर खोके चाळून पंधरा कार्डं वेचली आणि म्हणाले, “ह्यांचे दीडशे देतो, बाकीचं तुमच्याकडेच राहू द्या.” मी दिली. त्यात जीटर होता. त्यांचा काय दोष, मीच गृहपाठ केला नव्हता. तेव्हा आधी निवडा, मग जाहिरात द्या. सगळा ढीग एकदम विकायचा असेल तर ‘उचलायचं तर सगळं, वेचून नाही’ हे जाहिरातीतच लिहा. भेट घरी नको. बऱ्याच पोलीस ठाण्यांच्या पार्किंगमध्ये अशा देवघेवीसाठी जागा राखलेली असते. रोखच घ्या.

सगळ्यात चांगला भाव ईबेवर येतो, मेहनतही तिथंच सगळ्यात जास्त. ईबेचं कमिशन तेरा टक्क्यांच्या थोडं वर आहे, आणि ते टपालखर्च आणि सेल्स टॅक्स धरून एकूण रकमेवर लागतं. त्यामुळे पाच डॉलरच्या आतलं कार्ड एकेकटं विकण्यात अर्थ नाही. संघाप्रमाणे गठ्ठे करा: यांकीजची शंभर, मेट्सची शंभर. गठ्ठे जातात.

मथळ्यात साल, कंपनी, खेळाडू, नंबर, रूकी असेल तर तसं. “सुंदर”, “दुर्मीळ” असले शब्द कुणी शोधत नाही. फोटो पुढचा आणि मागचा, काळ्या कपड्यावर, आणि वाकलेला कोपरा असेल तर त्याचा वेगळा. दोष लपवला की कार्ड परत येतं. नेहमी विकली जाणारी कार्डं ठराविक किमतीला लावा. ज्याचा भाव तुम्हालाच ठरवता येत नाही पण मागणी आहे, ते सात दिवसांच्या लिलावात घाला आणि लिलाव रविवारी संध्याकाळी संपेल असं बघा. आणि पहिलंच कार्ड सगळ्यात महागडं लावू नका. आधी दहा-बारा छोटे गठ्ठे विकून चार चांगले अभिप्राय मिळवा.

पाकीट बांधणं

कार्ड स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडरमध्ये. टॉपलोडरच्या तोंडाला निळी पेंटर टेप लावा आणि तिचं टोक दुमडून ठेवा, म्हणजे समोरच्याला नखानं ओढता येईल. साधी पारदर्शक चिकटपट्टी नको. ती काढताना टॉपलोडर झटका खातो आणि कार्ड बाहेर उडतं. मग दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्याचे तुकडे, जरा मोठे कापून, चारी बाजूंनी टेप, आणि बबलच्या पाकिटात. हलवून बघा. आत काही खुडखुडलं तर पुन्हा बांधा. वीस डॉलरपर्यंतच्या कार्डाला बबलच्या पाकिटाऐवजी साधं पातळ पाकीट आणि ईबेची ‘स्टँडर्ड एन्व्हलप’ टपालसेवा चालते, ट्रॅकिंगसकट आणि स्वस्तात. त्यावर गेलं की पोस्टाचं ग्राउंड अॅडव्हान्टेज घ्या. त्यात शंभर डॉलरचा विमा धरलेला असतो.

ईबेवर अडीचशे डॉलरपासूनची कार्डं सहसा गिऱ्हाइकाकडे थेट जात नाहीत, मध्ये तपासणी केंद्रात जातात. विकणाऱ्यालाही हे सोयीचं, कारण तुमचं चांगलं कार्ड ठेवून स्वतःचं फाटकं परत पाठवणारे महाभाग असतात. ईबेबाहेर कुणी “जास्त देतो, ‘झेल’ अॅपवरून पैसे पाठवतो, अमुक पत्त्यावर पाठवा” म्हणालं तर उत्तरच देऊ नका.

टॅक्सबद्दल दोनच ओळी. कार्डं संग्रहवस्तूंत मोडतात. वर्षाहून जास्त ठेवून नफ्यात विकली तर त्या नफ्यावर केंद्राचा दर २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. साइटकडून १०९९-के, म्हणजे विक्रीची रक्कम सरकारला कळवणारा फॉर्म, आला नाही म्हणजे नफा सांगायचा नाही, असं नाही. रक्कम मोठी असेल तर तुमच्या टॅक्सवाल्याला विचारा, आणि काय कितीला विकलं ह्याची वही पहिल्या दिवसापासून ठेवा.

आणि उरलेली

एवढं करूनही पाच खोके उरतील. घाऊक घेणारे हजार कार्डांचे मोजके डॉलर देतात, घेत असतील तर देऊन टाका. शेजारी खेळणारी मुलं असतील तर त्यांना द्या. आम्ही शेवटी झिपलॉकच्या छोट्या पिशव्यांत दहा-दहा कार्डं भरली आणि हॅलोविनला दाराशी चॉकलेटबरोबर वाटली. मुलांपेक्षा त्यांचे बापच जास्त खूष झाले, अंधारात फोनच्या उजेडात कार्डं बघत उभे राहिले. कार्डांत न उघडलेली पाकिटं असतील तर तीही वाटता येतात, फक्त टॉप्सच्या १९९१ पर्यंतच्या पाकिटांत गुलाबी च्युइंगमची पट्टी असते. ती आता तीसहून जास्त वर्षांची आहे. आई-बापांना तसं सांगूनच द्या.